मी न झेललेली ओळ

माझी आत्या हिरूबाय धवळारीण होती, आणि तिच्या तोंडचं गाणं ज्या माणसानं पळवलं त्याला मी अजून माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे शेवटी सगळं गोड होईल या आशेवर कुणी वाचत बसायला नको. सत्तरी उलटली, गुडघे गेले, डाव्या कानानं नीट ऐकू येत नाही. राग मात्र ठणठणीत आहे. रेडिओवर मी आयुष्यभर गोड बोलले. आगरी बोलीत आणि पुस्तकी मराठीत गाणी रचली, दोन्हीकडच्या लोकांनी ती उचलून धरली, आणि कार्यक्रमाच्या सुरुवातीला 'रसिकहो' म्हणताना आवाजात जेवढी साखर घालावी लागते तेवढी रोज घातली. बाई फार मायाळू आहेत असं लोक अजून म्हणतात. ती माया नोकरीतली होती. घरी मी हिरूबायची भाची आहे.

धवळारीण म्हणजे काय हे आता वसईजवळच्या आमच्या उमेळे गावातल्या नव्या बिल्डिंगांमधल्या पोरींना समजावून सांगावं लागतं. आमच्यात लग्नाला भटजी नंतर आला, आधी बाई होती. मांडवाची मेढ पुरण्यापासून नवरा-नवरीची गाठ बांधेपर्यंत प्रत्येक गोष्ट तिच्या गाण्यानं पुढे सरकायची. तिनं गाणं उचलल्याशिवाय हळदीच्या वाटीला कुणी बोट लावत नसे. त्या गाण्याला म्हणायचं धवळा. आणि धवळा एकटीनं म्हणायचा नसतो. पहिली बाई ओळ उचलते आणि दुसरी ती झेलते, म्हणजे पहिलीचा श्वास संपायच्या आत तीच ओळ आपल्या गळ्यात घेते, की तेवढ्यात पहिलीनं दम घ्यावा आणि पुढची ओळ उचलावी. मध्ये फट पडली की धवळा पडला. पडलेल्या धवळ्याचं लग्न आमच्या बायकांच्या लेखी अर्धंच लागलेलं असायचं, मग वर कितीही अक्षता पडोत.

आई मला आठवतही नाही इतक्या लवकर गेली. बापूस शेतात आणि खाडीवर. मला वाढवली ती आत्यानं, नवरा गेल्यावर माहेरी येऊन राहिलेल्या. घराच्या पुढे भाताचं शेत, मागे केळी, आणि भरतीच्या वेळी खाडीच्या चिखलाचा वास थेट चुलीपर्यंत. सकाळी तांदळाची भाकरी थापताना ती ओळ उचलायची आणि मी पाणी भरता भरता झेलायची. कोलीम, म्हणजे बारीक जवळा, निवडताना, सुकट भाजताना, कोंबड्या हाकलताना हेच चालायचं. शिकवणं वगैरे काही नव्हतं, चुकलं की पाठीत धपाटा. दुसरीनं पहिलीच्या मागे उभं राहून तिच्या पाठीवर तळहात ठेवायचा असतो. बरगड्या किती फुगल्या, किती बसल्या हे हाताला कळतं, म्हणजे श्वास कधी संपणार ते कानाआधी हाताला समजतं. आत्याची पाठ मला तिच्या चेहऱ्याहून जास्त ओळखीची होती. पुढे स्टुडिओत मोठमोठ्या गवयांबरोबर गायले तेव्हा हा हात कुठे ठेवायचा हे मला कळायचं नाही.

धवळ्याचे चार भाग. देवांना बोलावण्याचा, मांडवाचा, हळदीचा आणि गाठीचा. पहिले तीन मला बारा-तेराव्या वर्षीच पाठ होते. गाठीचा नव्हता. नवरा-नवरीच्या डोक्यावर चादर धरायची, आत्या त्या चादरीत शिरायची आणि तो धवळा त्यांच्या कानाशी हळू म्हणायची. बाहेर ऐकू यायचे ते प्रत्येक ओळीचे शेवटचे दोन शब्द, तेवढेच मी झेलायचे. पुरी ओळ फक्त पहिलीला ठाऊक. दुसरी तयार झाली असं पहिलीला वाटलं की एक दिवस ती तिला समोर बसवते आणि गाठ देते. मग ती दुसरी राहत नाही, स्वतः लग्न लावायला मोकळी होते. मला ती गाठ हवी होती. इतर पोरी पाटल्या आणि पैंजण मागायच्या त्या वयात मी उठता-बसता आत्याला विचारायची, 'गाठ कवा देशील गो?' ती म्हणायची, 'चूल पेटवाला शिकलीस का लगेच घर जालाची घाई.'

तशात मनोहर पालव आला. माणिकपूरला राहायचा, मूळचा तळकोकणातला, रेडिओवर लोकगीतांचा कार्यक्रम करायचा. पांढरी पँट, खांद्यावर टेपचं जड यंत्र, आणि ओटीवर चढण्याआधी चपला नीट जोडून ठेवायची सवय. लागोपाठ पाच रविवार आला. आमच्या ओटीवर मांडी घालून बसला, खाडीतल्या निवट्या माशांचं कालवण भाकरीबरोबर बोटं चाटून खाल्लं, आणि आत्याला 'आई' म्हणाला. आत्यानं जाताना त्याला दर वेळी केळीच्या सोपटात बांधून सुकेळी, घरी सुकवलेली केळी, दिली. देवांचा, मांडवाचा, हळदीचा असे तीनही धवळे त्यानं टेपवर घेतले. गाठीचा मागितला तेव्हा आत्या म्हणाली, 'तो चादरीचे बाहेर काराचा नसते, साहेब.' त्यानं मान डोलावली. आई म्हणणाऱ्या माणसांपासून मी तेव्हापासून चार हात लांब असते.

मग एका दुपारी शेजारच्या पद्माकरकाकाच्या रेडिओवर ते लागलं. पेटी, तबला, बासरी आणि कुठल्यातरी शिकलेल्या बाईचा गुळगुळीत आवाज. आत्याचा धवळा असा होता: 'उठ गो गावदेवी, चिखल धू पायांचा, मांडव घातलाय पोरीचे मायेचा.' म्हणजे देवी आमच्यासारखीच शेतातून आलेली, लावणी करून चिखलानं भरलेली, तिला सांगायचं की बाई पाय धू आणि ये लवकर. पालवनं त्याचं केलं होतं, 'ऊठ माते ग्रामदेवी, चरण तुझे धुऊया, मंगल या मंडपात गुण तुझे गाऊया.' आत्या आधी खो खो हसली. म्हणाली, 'देवीला पाय धुवाला नोकर ठेवलान क यानं?' मग निवेदकानं सांगितलं, संकलन आणि शब्दसंस्कार मनोहर पालव. आम्ही वाट पाहिली. पुढे काहीच आलं नाही, बातम्या लागल्या. आत्यानं मला विचारलं, 'माझा नाव घेतलान का? माना ऐकू नाय आला.' मी म्हटलं, नाही घेतलं. ती उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

हे एवढ्यावर राहिलं असतं तर मी कदाचित विसरलेही असते. पण त्या गाण्यांची तबकडी निघाली आणि लाउडस्पीकरवाल्यांच्या हाती लागली. वर्षभरात पद्माकरकाकाच्याच मुलीचं लग्न निघालं. आत्या नवं लुगडं नेसून मांडवात उभी राहिली, मी मागे, पाठीवर हात. तिनं देवांचा धवळा उचलला आणि मेढीला बांधलेल्या कर्ण्यातून ती गुळगुळीत बाई सुरू झाली. आत्यानं आवाज चढवला. कर्ण्यापुढे माणसाचा काय पाड लागणार? पद्माकरकाका जवळ आला, खांद्यावर हात ठेवून प्रेमानंच म्हणाला, 'हिरूबाय, तू दमलीस गो. बस आथा. पोरींना रेडिवरचा बरा वाटते.' माझ्या तळहाताखाली तिची पाठ भरून आली होती, ओळीसाठी घेतलेला श्वास आतच होता. तो तिनं हळूहळू सोडला आणि बायकांच्या पंगतीत जाऊन बसली. त्यानंतर गावातली बोलावणी एकेक करून बंद झाली. फक्त चिंचोटीकडच्या पाड्यांतून अजून कुणी कुणी यायचं, तिथे वीज पोचली नव्हती म्हणून.

त्या दिवसापासून आत्या पालवला रोज शिव्या द्यायला लागली. सकाळी दात घासताना सुरुवात व्हायची. 'त्याचे तोंडान किरे परतील, त्याचे जिभेला फोर येल, त्याचे घरान मीठ नासेल.' आगरी बाईची शिवी ऐकायला भाग्य लागतं, तिला चाल असते. मी मनातल्या मनात प्रत्येक शिवी झेलायची. पण मला शिव्यांनी समाधान नव्हतं. मला त्याला चारचौघांत, त्याच्या माणसांसमोर खाली मान घालायला लावायची होती. सतरा वर्षांची होते आणि अंथरुणावर पडल्यापासून डोळा लागेपर्यंत दुसरा विचार नव्हता.

आणि तोच चालून आला. ओटीवर चपला जोडून चढला, हातात पेढ्यांचा पुडा. मुलीचं लग्न होतं, माणिकपूरच्या हॉलमध्ये. 'आई, तुम्ही आल्याशिवाय माझ्या लेकीचं लग्न लागायचं नाही,' तो म्हणाला. 'मुंबईहून बडी मंडळी येणार आहेत. त्यांना खरा धवळा ऐकू दे. अगदी गाठीपर्यंत. रेकॉर्डिंगही करून घेऊ, काय?' मी दारामागून ओरडले, आत्या, नाही सांग. तिनं पेढे बाजूला ठेवले आणि म्हणाली, 'येतंव.' तो गेल्यावर मी थयथयाट केला.

'त्याचे तोंडान किरे पारतेस ना रोज? मंग त्याचेच घरी गावाला जातेस?'

'नवरीला नाय बोलाचा नसते.'

'नवरी कुठं आयली? बापूस आयला.'

'बापूस नवरीचाच ना,' आत्या म्हणाली आणि लुगडं उन्हात टाकायला गेली.

मग मी माझं ठरवलं. धवळा पाडायचा. तोही गाठीचा, सगळ्यात मोठा, सगळ्या बड्या मंडळींदेखत. पालवच्या लेकीचं लग्न अर्धंच लागलं हे वसईभर होऊ दे. आमच्यात याहून मोठी शिक्षा नव्हती, आणि ती द्यायला मला नुसतं गप्प राहायचं होतं. मी इतकी खूश होते की लग्नाला जाताना वाटेत गुणगुणत होते.

हॉलमध्ये पंखे गरगरत होते, खुर्च्या मांडल्या होत्या, स्टेजवर नवरा-नवरी. मायक्रोफोनची तार सापासारखी पसरलेली. चिंचोटीच्या दोन बायका मदतीला आल्या होत्या, त्यांनी चादरीची टोकं धरली. देवांचा, मांडवाचा, हळदीचा धवळा मी नीट झेलला. लोक कौतुकानं माना हलवत होते, कुणीतरी फोटो काढत होतं. मग आत्या चादरीत शिरली. पालवनं लगबगीनं येऊन मायक्रोफोन चादरीखाली सारला; नवरीदेखत वाद नको म्हणून असेल, आत्यानं तो राहू दिला. आत्याची पाठ चादरीतून बाहेर आली होती, मी तिच्यावर तळहात ठेवला. आत ती गाठीचा धवळा म्हणायला लागली. पहिली ओळ झेलली, दुसरी झेलली. तिसऱ्या ओळीचे दोन शब्द कानावर आले आणि मी ओठ मिटून घेतले.

बरगड्या खाली बसत गेल्या. मला हातानं सगळं कळत होतं. तिनं वाट पाहिली. एकदा मागे पाठ रेटली, मला ढोसल्यासारखी. मी हात काढला नाही आणि तोंडही उघडलं नाही. चिंचोटीच्या बायकांचे डोळे मोठे झाले, एकीनं तोंडाला पदर लावला. आणि मग आत्यानं, उरल्यासुरल्या दमात, आपलीच ओळ आपणच झेलली. लगेच पुढची उचलली, तीही झेलली. पुरा धवळा तिनं तसाच ओढून नेला, पहिली आणि दुसरी दोन्ही होऊन. श्वास घ्यायला जागा नव्हती. तिची पाठ थरथरत होती, घामानं चादर ओली झाली होती, आणि माझा हात तिथेच होता. आता झेलावं असं मला दोन-तीनदा वाटलं. मी झेललं नाही.

धवळा संपला आणि हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला. मी चारी बाजूंना बघत राहिले. कुणाची मान खाली नव्हती. कुणाला काही कळलंच नव्हतं. बडी मंडळी आनंदानं पुटपुटत होती. पालव डोळे पुसत माझ्यापाशी आला आणि म्हणाला, 'काय विलक्षण! तो मधला विराम, आणि मग एकटीचा आवाज... शेवंती, ही कल्पना कुणाची?' चादरीतून निघालेली नवरी आत्याचे हात धरून म्हणत होती, 'आजी, तुम्ही माझ्यासाठी रडलात!' त्या हॉलमध्ये माझ्या सुडाची भाषा येणाऱ्या बायका मोजून तीन होत्या, चिंचोटीच्या दोघी आणि आत्या. वार बसला तो आत्याला.

परत येताना ती पुढे आणि मी मागे. माणिकपूर संपून वाड्या लागल्या. मग वाटेच्या कडेला बसली, दम खाल्ला आणि म्हणाली, 'धवला टाकलास कनाला?'

'त्याची जिरवाला.'

'जिरली?'

मी वाटेतला खडा पायानं उडवला.

'त्याला शिव्या हान ना. त्या रोज देतंय मी, तुना कमी वाटल्या तं तू पन दे. धवला नवरीचा असते. ती पोरी चादरीन माझे तोंडाकरं बगत व्हती. तिचा क गुन्हा?' पदरानं तिनं तोंड पुसलं. 'आजपासून तू माझी दुसरी नाय.'

शब्दाची पक्की होती. त्यानंतर चिंचोटीकडून बोलावणं आलं तरी ती मला नेत नसे. घरातली ओळ उचलणंही थांबलं. भाकरी थापल्याचा आवाज यायचा, नुसता.

मी काय शिकले म्हणाल, तर शहाणपण नाही. मी एवढंच शिकले की त्या माणसाला मारायचं तर त्याला कळेल अशा भाषेत मारायला हवं. मी त्याची मराठी शिकले. शाळेतल्या बाईंकडून पुस्तकं आणली, ण आणि ळ आरशासमोर उभं राहून घोटले, परीक्षा दिल्या, आणि काही वर्षांनी रेडिओच्या आवाज-चाचणीला गेले. टेबलापलीकडे पालव होता. 'आईंची भाची!' म्हणून त्याला भरून आलं. 'भाषेला गावाचा वासही नाही,' असं त्यानं कौतुकानं इतरांना सांगितलं. मी हसले आणि हात जोडले. सहा वर्षं मी त्याच्या हाताखाली निवेदन केलं, त्याचे कागद वाचले, त्याचा चहा वेळेवर मागवला. दर आठवड्याला माझ्याच तोंडून ते निघायचं, संकलन आणि शब्दसंस्कार मनोहर पालव. माझ्या आवाजात कधी तडा गेला नाही. मला आजही त्या सहा वर्षांचा अभिमान वाटतो.

मग त्याच्या कार्यक्रमाचा मोठा सोहळा ठरला आणि त्याची मुलाखत थेट प्रक्षेपित करायचं ठरलं. मुलाखत घेणार मी. प्रश्न त्यानंच लिहून दिले होते. मी निम्मे विचारले. तो फुलला होता, गावोगाव कसा हिंडला, माणसांत कसा मिसळला, धवळा त्याच्या रक्तात कसा भिनला आहे. मी कागद उलटा ठेवला आणि म्हटलं, 'साहेब, मग आपण दोघं म्हणू या. मी ओळ उचलते, तुम्ही झेला.' आणि आमच्या बोलीत, आत्याच्या चालीत उचलली, 'उठ गो गावदेवी, चिखल धू पायांचा.' आणि थांबले.

मी उचललेलीच ओळ, तशीच्या तशी, त्यानं आपल्या गळ्यात घ्यायची होती. त्यानं तोंड उघडलं. काही आलं नाही. रेडिओवरची शांतता काय असते ते रेडिओवाल्यालाच माहीत. आपल्याला घरी पाच सेकंद म्हणजे काहीच नाही, स्टुडिओत माणसाला घाम फुटतो. काचेपलीकडे इंजिनिअर हातवारे करत होता. पालवनं पाण्याचा ग्लास उचलला आणि त्याचा घोट घशाखाली उतरल्याचा आवाज साऱ्या मुलखानं ऐकला. मग तो कसाबसा म्हणाला, 'चरण तुझे धुऊया...' मी अगदी साखरेच्या आवाजात म्हटलं, 'ही तुमची ओळ झाली, साहेब. मी उमेळ्याच्या हिराबाई धवळारणीची उचलली होती. जिच्या ओटीवर बसून तुम्ही हे सगळं घेतलंत, तिची. तुम्हाला ती येत नाही का?' पुन्हा शांतता. ही मी मुद्दाम लांबवली. मला ती अजून तोंडात खडीसाखरेसारखी घोळवता येते. शेवटी इंजिनिअरनं बासरी लावली.

मला नोटीस आली, आठ महिने काम बंद झालं, मग श्रोत्यांची पत्रं गेली म्हणून परत बोलावलं. ते सगळं वसूल झालं. माणिकपूरच्या बाजारात पालव मासे घ्यायला गेला की कोळणी टोपलीवरून ओळ उचलायच्या आणि ओरडायच्या, 'झेला, साहेब!' तो बाजारात दिसेनासा झाला, बायको यायला लागली. थेट कार्यक्रम त्यानं पुन्हा केला नाही. मेला तेव्हा मी शोकसभेला गेले नाही. नवी साडी नेसून घरी बसले.

पण मुलाखतीच्या दिवशीचं सांगायचं राहिलं. स्टुडिओतून निघाले ती धावतच घरी आले. पद्माकरकाकाच्या ओटीवर आळीतल्या बायका अजून जमलेल्या, मला बघून त्यांनी आरडाओरडा केला. आत्या मात्र आमच्या घरी, पुढ्यात सूप घेऊन कोलीम निवडत बसली होती. तेव्हा ती बरीच थकली होती.

'ऐकलास क?' मी विचारलं.

'ऐकला. पानी प्यायला तो पन ऐकला.' आणि ती हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली, मीही हसले, आम्ही दोघी सूप सांडेपर्यंत हसलो. इतक्या वर्षांनी तिनं माझ्या गालावर हात ठेवला, कोलीमचा वास असलेला. मला वाटलं, झालं, फिटलं सगळं. मी तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि म्हटलं, 'आथा गाठ दे.'

तिनं हात काढून घेतला. सांडलेलं कोलीम एकेक वेचून सुपात टाकलं. मग म्हणाली, 'नाय.'

'जिरवली ना त्याची? तूच हसलीस ना?'

'हसली. मस जिरवलीस. माझा नाव रेडिवर घेतलास, माना बरा वाटला.' ती माझ्याकडे रागानं बघत नव्हती, हेच वाईट होतं. 'पन तुना गाठ दिली तं एक दिवस तू ती पन कोनाचे तरी अंगावर फेकशील.'

मी रडले, भांडले, दोन दिवस जेवले नाही. पुढच्या पावसाळ्यात ती गेली. दुसरी कुणी तिनं केलीच नव्हती.

आज लोक मला धवळ्याची राणी म्हणतात. शाली, सन्मानचिन्हं, विद्यापीठातून मुलं येतात. गाठीचा धवळा म्हणा म्हटलं की मी सांगते, तो चादरीबाहेर काढायचा नसतो. खरं कारण हे की तो मला येत नाही. जगात तो एकाच ठिकाणी आहे, माणिकपूरच्या त्या हॉलमधल्या टेपवर, आत्याच्या दोन्ही आवाजांत, मी टाकलेल्या ओळीसकट. ती टेप पालवनं पुढे एका संग्रहालयाला दिली. अर्ज केला की नक्कल मिळते. अर्जात एक रकाना आहे, संग्राहकाचे नाव. तिथे त्याचं नाव लिहावं लागतं, माझ्या हातानं, माझ्या सहीच्या वर.

माझ्या चुलतभावाच्या नातीचं, मृण्मयीचं, लग्न ठरलंय. माणिकपूरला बँकेत आहे, इंग्रजी फाडफाड बोलते, आणि हट्ट धरून बसलीय की लग्न धवळ्यानंच लागणार, गाठीसकट, आणि लावणार शेवंतीआजी. तिला मी सगळं सांगितलं, इथे लिहिलंय तेवढं सगळं. ती ऐकून म्हणाली, 'आजी, एक नाव तर लिहायचंय. त्यात काय एवढं?' मी त्या रकान्यात हिराबाई धवळारीण, उमेळे, असं लिहून अर्ज पाठवला. पंधरा दिवसांनी परत आला. या नावाची कोणतीही नोंद आढळत नाही.

मृण्मयीनं नवा अर्ज आणून टेबलावर ठेवलाय. बाकी सगळं तिनंच भरलंय, तेवढा रकाना मोकळा आहे. लग्नाला तीन आठवडे राहिले. रोज कामावरून येताना ती रिक्षा थांबवून वर येते, चहा घेते, अर्ज बघते आणि विचारते, 'लिहिलंस?' मी म्हणते, उद्या.